लशीची कुपी दिल्लीची, पुढचा खर्च कोणाचा?

मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रस्ते, मेट्रो, कर्जाचा बोजा आणि एखादी लोकप्रिय योजना यांचे आकडे ठळक अक्षरांत येतात. लसीकरणावर राज्य किती खर्च करणार, हे त्यात कुठेही नसते आणि मुद्दाम शोधायला बसलेल्या माणसालाही ते सहजासहजी सापडत नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे एका जिल्ह्याच्या आरोग्य विभागातील लेखा शाखेत गेली, त्यामुळे अर्थसंकल्पासोबत येणारी, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांची जाडजूड पुस्तके चाळण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. या पुस्तकांत लसीकरणाचा पैसा इतक्या ठिकाणी विखुरलेला असतो की त्याचा माग काढताना वरचेवर वाटते, सरकारलाही हा आकडा एका ठिकाणी पाहण्याची गरज कधी भासली नसावी. या लेखात तो पैसा कसा वाहतो आणि कुठे अडतो, हे मला जसे दिसले तसे लिहिण्याचा प्रयत्न आहे.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला; त्याआधी 1978 पासून विस्तारित लसीकरण कार्यक्रम चालू होताच. आज या कार्यक्रमात क्षय, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, हिब (लहान मुलांत न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणारा जिवाणू), गोवर, रुबेला, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल आणि ठरावीक जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वर अशा बारा रोगांविरुद्ध लस मिळते आणि देशभरातील सुमारे अडीच कोटींहून अधिक नवजात बालके दरवर्षी त्याच्या कक्षेत येतात. लस आणि ती टोचण्याची सुई केंद्र सरकार विकत घेते. लस राज्याच्या साठागृहात येते, तेथून विभागाच्या, मग जिल्ह्याच्या आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत पोहोचते. ही व्यवस्था चांगली आहे, यात शंका नाही. काही कोटी मात्रांची एकत्र खरेदी केल्याने जो भाव मिळतो, तो कोणत्याही एका राज्याला मिळणे कठीण आहे. आणि न्यूमोकोकल किंवा रोटासारख्या नव्या लशी कार्यक्रमात आणताना सुरुवातीच्या काळात ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी मदत झाली, तीही केंद्राच्या मार्फतच येऊ शकली.

मात्र कुपी शीतपेटीत पोहोचली म्हणजे लसीकरण झाले, असे होत नाही. तिथून पुढचा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो, आणि अभियानाचा पैसा केंद्र व राज्य वाटून घेतात. हे वाटप कायम तेच राहिलेले नाही. 2005 मध्ये अभियान सुरू झाले तेव्हा जवळजवळ सगळा भार केंद्राने उचलला होता. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्र आणि राज्य यांचे प्रमाण 85:15, बाराव्या योजनेत 75:25 आणि 2015-16 पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी 60:40 अशी राज्याच्या वाट्याची चढती भाजणी आहे. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी हे प्रमाण 90:10 आहे. याखेरीज नियमित आरोग्य सेविका, वैद्यकीय अधिकारी आणि औषधनिर्माते यांचे पगार, उपकेंद्राची इमारत, तिचे वीजबिल हे सगळे राज्य किंवा जिल्हा परिषद सांभाळते. मुंबईसारख्या शहरात ते महापालिकेच्या खात्यावर पडते. म्हणजे बाळाच्या दंडात सुई टोचली जाईपर्यंत जो खर्च होतो, त्यातला कुपीनंतरचा भाग बऱ्याच अंशी राज्याच्या तिजोरीवर अवलंबून असतो.

हा भाग कसा अडतो, हे लेखा शाखेत बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळते. लसीकरणाच्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रातून लस घेऊन गावोगावी पोहोचवणारा एक माणूस असतो. बहुतेक वेळा तो गावातलाच, स्वतःची मोटारसायकल असलेला तरुण असतो. लसवाहक डब्यात चारी बाजूंनी बर्फाच्या चार पट्ट्या, मध्ये लशीच्या कुप्या, डब्याला पट्टा, आणि पाच-सहा अंगणवाड्यांचा फेरा. त्याला प्रत्येक सत्रामागे ठरलेली रक्कम मिळते आणि संध्याकाळी तो उरलेल्या कुप्या परत आणून देतो. ही रक्कम इतकी लहान असते की कोणत्याही मंत्र्याला तिच्याविषयी प्रश्न विचारला जाणार नाही. परंतु वार्षिक आराखडा मंजूर होण्यास उशीर झाला, केंद्राचा हप्ता राज्याच्या कोषागारात आला तरी राज्याचा चाळीस टक्के हिस्सा त्यात पडला नाही, मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, कुठेतरी अडकले, की जूनमध्ये वाहिलेल्या लशीचे पैसे फेब्रुवारीत मिळतात. अशा फायली मी पुष्कळ पाहिल्या. त्या तरुणाला चार महिने पैसे मिळाले नाहीत की तो पेट्रोलचा हिशेब मांडून काम सोडतो, आणि मग आरोग्य सेविका एसटीने किंवा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून डबा नेते. सत्र रद्द होत नाही, पण दहाऐवजी बारा वाजता सुरू होते आणि शेतावर जायची घाई असलेली आई तोवर निघून गेलेली असते. अहवालात या मुलाची नोंद ‘गैरहजर’ अशी होते. निधी उशिरा आला, अशी नोंद करायला त्या नमुन्यात रकानाच नाही.

वर्षअखेरीस चित्र उलटे होते. मार्चमध्ये एकदम पैसा येतो, तो 31 तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे असा फोन येतो, आणि ज्या गोष्टी एका दिवसात विकत घेता येतात त्याच घेतल्या जातात. फलक छापले जातात, प्रशिक्षणाच्या चहापाण्याची बिले येतात. वाहकाचे मागील आठ महिन्यांचे पैसे अशा वेळी मिळून जातात हे खरे, पण त्याने सोडलेले काम परत येत नाही. 2021 पासून योजनेचा सगळा पैसा राज्यात एकाच बँक खात्यात ठेवण्याची, म्हणजे एकल खात्याची पद्धत आल्यावर पैसा कोणत्या टप्प्यावर पडून आहे हे संगणकावर दिसू लागले. तो वेळेवर यावा यासाठी मात्र शेवटी राज्याच्या वित्त विभागानेच तत्परता दाखवावी लागते.

आणखी एक खर्च असा आहे की तो वाया गेल्यासारखा दिसतो, पण तसा नसतो. गोवर-रुबेलाची कुपी पाच मात्रांची असते. ती द्रावण मिसळून उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. पाड्यावरच्या सत्राला दोनच मुले आली तरी कुपी उघडायचीच, असा शास्त्रीय दृष्ट्या योग्य नियम आहे, कारण पाच मुले जमेपर्यंत थांबलो तर ती दोन मुलेही हातची जातात. तरी एका तपासणीत ‘अपव्ययाचे प्रमाण जास्त, खुलासा करावा’ असा शेरा आला होता, आणि तो आल्यानंतर काही महिने त्या भागातल्या सेविका कुपी उघडायला कचरू लागल्या. विरळ वस्तीच्या, डोंगराळ किंवा स्थलांतर करणाऱ्या समाजाच्या लसीकरणाला दर मुलामागे अधिक पैसा लागणारच. ऊसतोडीला बीडहून पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या कुटुंबाचे बाळ शोधायचे, कार्ड हरवले असल्यास पूर्वीच्या मात्रांची नोंद मिळवायची, पुढची मात्रा फडावर द्यायची, या कामाला सरासरी खर्चाचे गणित लावले तर ते बाळ गणितातूनच गळते.

आशा सेविकेचा मोबदला हा या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा दुवा आहे. पहिल्या वर्षीचे लसीकरण पूर्ण झाल्यास एका बालकामागे 100 रुपये, दुसऱ्या वर्षीचे झाल्यास 75 रुपये आणि पाचव्या वर्षीच्या वर्धक मात्रेसाठी 50 रुपये असे हे दर आहेत. म्हणजे एखाद्या बाळाचा पाच वर्षे पाठपुरावा करून तिला सगळे मिळून 225 रुपये मिळतात. महाराष्ट्रातील आशांनी 2023 च्या अखेरीस आणि 2024 च्या सुरुवातीस दीर्घ संप केला, त्यानंतर राज्याने स्वतःच्या निधीतून मासिक मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ दिली. त्या संपाकडे वेतनाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. माझ्या मते लसीकरणाच्या अर्थसाहाय्यातला अलीकडच्या काळातील हा राज्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, जरी कोणत्याही शासन निर्णयात तो तसा नोंदवलेला नसला तरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील 12 ते 23 महिने वयाच्या बालकांपैकी पूर्ण लसीकरण झालेली सुमारे 56 टक्के होती. पाचव्या फेरीत हे प्रमाण 73.5 टक्क्यांवर आले. प्रगती मोठी आहे, तरी ती देशाच्या 76.4 टक्क्यांच्या सरासरीखालीच आहे, आणि स्वतःला प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने त्याबद्दल समाधान मानावे असे त्यात काही नाही. या उरलेल्या मुलांची किंमत 2022 च्या शेवटी मोजावी लागली. करोनाच्या दोन वर्षांत चुकलेल्या मात्रा साचत गेल्या आणि गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ उसळली, मुले दगावली. मग कृती दल नेमले गेले, घरोघरी पाहणी झाली, सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला, रुग्णालयांत खाटा वाढवल्या गेल्या. हा सगळा खर्च मंजूर होण्यास फार वेळ लागला नाही. साथीसाठी पैसा आठवड्यात निघतो आणि साथ टाळण्यासाठीचा पैसा वर्षभर फायलीत फिरतो, हे मी नोकरीत असतानाही पाहिले होते आणि तेव्हाही त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नव्हते.

प्रौढांच्या लसीकरणाकडे वळले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. मुलांच्या बाबतीत लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात तो खर्च दाखवण्याची ठरलेली जागा आहे, पैसा उशिरा येतो. प्रौढांच्या बाबतीत लेखाशीर्षच नाही. याचे कारण हिशेबाच्या जुन्या रचनेत आहे. वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य हे प्रधान शीर्ष 2210, आणि कुटुंब कल्याण हे 2211. लसीकरण कार्यक्रम जन्मला तो कुटुंब कल्याणाच्या, म्हणजे माता आणि बालक यांच्या घरात. त्यामुळे गरोदर स्त्रीला धनुर्वात-घटसर्पाची लस मिळते, तिच्या बाळाला सगळ्या लशी मिळतात, आणि त्याच घरातल्या मधुमेही आजोबांना फ्लू किंवा न्यूमोनियाची लस हवी असेल तर त्यांचे नाव कुठल्याच यादीत बसत नाही. आमच्या शेजारच्या काकांना डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस घ्यायला सांगितली तेव्हा त्यांनी मला विचारले, “तुम्ही आरोग्य खात्यात होता ना, सरकारी दवाखान्यात मिळेल का हो?” तिथे ती लहान मुलांसाठी असते, मोठ्यांसाठी नाही, एवढेच मी सांगू शकलो. औषधांच्या दुकानात तिची किंमत हजारांत आहे. त्यांनी ती घेतली नाही.

प्रौढांसाठी काहीच होत नाही, असे मात्र नाही. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते, निदान साठा असतो तेव्हा मिळते. साठा संपला की नातेवाईक चिठ्ठी घेऊन बाहेर धावतात. क्षयरोग निर्मूलनाचा भाग म्हणून 2024 मध्ये प्रौढांना बीसीजी देण्याची मोहीम राज्यात झाली. आणि महाराष्ट्राने 2015 मध्ये, स्वाइन फ्लूच्या तडाख्यानंतर, गरोदर स्त्रिया, मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत देण्याचा निर्णय राज्याच्या पातळीवर घेतला, जो त्या काळात देशात वेगळाच होता. या निर्णयाचे श्रेय राज्याला दिलेच पाहिजे. दुर्दैव इतकेच की दरवर्षी खरेदी किती आणि केव्हा होईल हे त्या वर्षीच्या साथीच्या बातम्यांवर ठरू लागले. पावसाळ्याच्या आधी द्यायची लस पावसाळ्याच्या मध्यावर आली तर तिचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

प्रौढ माणसे लस घेत नाहीत, त्यांना तिचे महत्त्व पटत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. करोनाच्या वर्धक मात्रेचा अनुभव या म्हणण्याला छेद देणारा आहे. 10 एप्रिल 2022 पासून 18 ते 59 वयोगटाला ही मात्रा फक्त खासगी केंद्रांत मिळू लागली. लशीचे 225 रुपये, त्यावर कर आणि जास्तीत जास्त 150 रुपये सेवाशुल्क. तीन महिन्यांनंतर या वयोगटातील पात्र लोकांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांनी ती घेतली होती. मग 15 जुलैपासून 75 दिवस तीच मात्रा सरकारी केंद्रांत मोफत देण्यात आली आणि देशभरात पंधरा कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. फरक केवळ पैशांचा होता असे मी म्हणणार नाही, कारण मोफत झाल्याबरोबर लस घराजवळच्या केंद्रातही आली. पण पावणेचारशे रुपये आणि लांबचे खासगी रुग्णालय या दोन गोष्टी दूर होताच माणसे रांगेत उभी राहिली, एवढे त्यातून निश्चित दिसते.

त्याआधीच्या वर्षी राज्यांना स्वतः लस विकत घेण्याची वेळ आली होती, आणि तो अनुभव विसरण्याजोगा नाही. 1 मे 2021 पासून निम्मी लस केंद्राने, उरलेली राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी घ्यावी असे धोरण आले. पुण्यात तयार होणारी कोव्हिशील्ड केंद्राला 150 रुपयांना, राज्यांना आधी 400 आणि टीका झाल्यावर 300 रुपयांना, खासगी रुग्णालयांना 600 रुपयांना. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 18 ते 44 वयोगटाला मोफत लस देण्याचे ठरवून साधारण साडेसहा हजार कोटींचा खर्च अंगावर घेतला, पण पैसा तयार असून लस मिळेना आणि दोन आठवड्यांच्या आत या वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले. मुंबई महापालिकेने एक कोटी मात्रांसाठी जागतिक पातळीवर निविदा मागवल्या, त्यातूनही काही हाती आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने या वयोगटाकडून पैसे घेण्याचे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे म्हटले आणि 21 जूनपासून केंद्राने 75 टक्के लस स्वतः घेऊन राज्यांना मोफत देण्यास सुरुवात केली. लसखरेदी विकेंद्रित करू नये, हे मत माझे त्या दिवसांत पक्के झाले. राज्याने स्वतःच्या पैशातून एखादी लस द्यायची ठरवली तरी तिची खरेदी केंद्राच्या दरकरारातून किंवा अनेक राज्यांनी एकत्र येऊन व्हावी.

स्थानिक पातळीवर धाडस करणारे कोणी नसते असे नाही. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने विषमज्वराच्या नव्या संयुग्मित लशीची मोहीम आपल्या हद्दीत राबवली. सार्वजनिक यंत्रणेने या लशीची अशी मोहीम घेण्याचे ते जगातले पहिले उदाहरण होते आणि त्यात एक लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. त्याच वर्षी सिक्कीमने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस शाळकरी मुलींना दिली. ही लस पुण्यात तयार होऊ लागल्यावर आणि लसीकरणाविषयी केंद्राला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने 2022 मध्ये तिची शिफारस केल्यावरही केंद्राच्या 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला ‘प्रोत्साहन’ देण्याची भाषा होती, रक्कम नव्हती. अर्थसंकल्पात प्रोत्साहन हा शब्द दिसला की लेखा शाखेतला कारकून समजून जातो की तूर्तास पैसे नाहीत.

सगळ्या लशी सगळ्यांना सरकारने द्याव्यात, असा माझा आग्रह नाही. नागिणीची नवी लस एका मात्रेला दहा हजारांच्या आसपास जाते. ती राज्याच्या खर्चाने द्यावी असे मी आज म्हणणार नाही, कारण तेवढ्या पैशात कितीतरी गरोदर स्त्रियांना आणि मधुमेहींना फ्लूची लस देता येईल. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 ने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी असे म्हटले होते आणि पंधराव्या वित्त आयोगानेही तेच सांगितले. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे, तेव्हा निवड करावीच लागणार. ती निवड करण्यासाठी आधी एक स्वतंत्र लेखाशीर्ष हवे, ‘प्रौढ लसीकरण’ या नावाचे, 2210 खाली, ज्यात दरवर्षी एप्रिलमध्येच रक्कम दिसेल आणि फ्लूच्या लशीची मागणी मेपूर्वी नोंदवता येईल. सुरुवातीला त्यात साठ वर्षांवरील मधुमेही आणि दमेकरी, गरोदर स्त्रिया, तसेच रुग्णालयांत सुया-टाक्यांशी रोज संबंध येणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांना कावीळ ब ची लस एवढेच असले तरी चालेल. या शेवटच्या गटाची आठवण मला वारंवार येते, कारण कंत्राटदाराकडून आलेल्या या लोकांच्या लशीचे बिल कोणी भरायचे, यावर आमच्या कार्यालयात झालेला पत्रव्यवहार एका जाड फायलीत आहे आणि माझ्या निवृत्तीपर्यंत तरी ती फाईल बंद झालेली नव्हती.

बालकांच्या लसीकरणासाठी मागणे याहून लहान आहे. राज्याचा चाळीस टक्के हिस्सा केंद्राच्या हप्त्याची वाट न पाहता पहिल्या तिमाहीत वितरित करावा, वाहकाचा आणि आशांचा मोबदला त्यातून दरमहा द्यावा, आणि केंद्राचा पैसा आल्यावर समायोजन करावे. कोषागाराच्या नियमांत हे बसते का, असे विचारणारे विचारतील. संपूर्ण वर्षाच्या तरतुदीतून काही टक्के रक्कम एप्रिलमध्येच खर्च करण्याची मुभा वित्त विभाग दरवर्षी परिपत्रक काढून अनेक बाबींसाठी देतो. त्या परिपत्रकाच्या यादीत आणखी एक ओळ वाढवावी लागेल.